उशिरा वाजलेली घंटा

"माझी सून आळशी आहे," बाईंनी खुर्चीवर टेकायच्या आधीच सांगून टाकलं. "कपाट उघडं टाकते. चहा जिथे प्याली, कप तिथेच. मी तोंडावर बोलते तिला. पण खोटं ती बोलत नाही. आणि आज चार वाजता तिला खोटारडी ठरवून नोकरीवरून काढणार आहेत."

"हळू, हळू," भाऊजी कुजबुजले आणि त्यांनी आतल्या दाराकडे बोट दाखवलं.

आतल्या खोलीत सहा महिन्यांची मुलगी नुकती कुठे झोपली होती. या कचेरीत पक्षकारांना आपलं गाऱ्हाणं दबक्या आवाजात मांडावं लागे, ते याच कारणाने. खाजगी तपासनीस म्हणजे त्या मुलीची आई. धाकटा दीर तिचा मदतनीस. तो तिला वहिनी म्हणे, म्हणून पक्षकारही वहिनीच म्हणत. ती त्याला भाऊजी म्हणे, म्हणून पोलीससुद्धा त्याला भाऊजी म्हणत. हे त्याला मुळीच आवडत नसे.

"सून काय करते तुमची?" वहिनींनी विचारलं.

"नर्स आहे. बाळंतपणाच्या हॉस्पिटलात, वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात." बाईंनी दोन्ही तळवे जोडून एक ओंजळ करून दाखवली. "एवढी एवढी असतात. काहींच्या आयांना दूधच येत नाही. मग दुसऱ्या आया आपलं जास्तीचं दूध देतात. ते एका फ्रिजमध्ये ठेवतात. फ्रिज गरम झाला तर वॉर्डात घंटा वाजते."

"आणि ती वाजली नाही."

"वाजली! काल सकाळी वाजली. दूध नासून गेल्यावर." बाईंनी पदराने चष्मा पुसला. "बाळांना पाजायच्या आधी वाजली हे नशीब. पण आता म्हणतात, फ्रिज रात्रभर गरम होता आणि घंटा माझ्या सुनेने बंद करून ठेवली होती. ती म्हणते, मी हात लावला नाही. दोन दिवस जेवली नाहीये हो. नुसती भिंतीकडे तोंड करून पडते."

वहिनी उठल्या. आत जाऊन त्यांनी नवऱ्याला मुलगी, दुधाची बाटली आणि तीन सूचना दिल्या. बाहेर येऊन चपला घातल्या.

"भाऊजी, गाडी काढा. रात्री फ्रिज तापतोय तर घंटा गप्प, आणि सकाळी वाजते. उशीर करणारी माणसं मी खूप पाहिलीत. घंटेला उशीर का झाला, ते बघू."

---

मुख्य डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर एक न प्यालेला चहा साय धरून बसला होता. बाई थकलेल्या होत्या, पण तुसड्या नव्हत्या.

"मलाही आनंद नाही यात," त्या म्हणाल्या. "सिस्टर चांगली आहे. पण दुसरं उत्तरच सापडत नाही. फ्रिज दुरुस्तीवाल्याने तपासला, फ्रिज उत्तम आहे. सकाळी तो चालूच होता. म्हणजे संध्याकाळी कोणाकडून तरी दार अर्धवट उघडं राहिलं. घंटा वाजली. बाळं जागी होतील म्हणून सिस्टरने ती बंद केली, विसरली आणि सकाळी घाबरून परत चालू केली."

"घंटा बंद करता येते?"

"वॉर्डात टेबलाच्या वरच भिंतीवर आहे. तिला एक बटण आहे. दाबलं की गप्प. पुन्हा कोणी दाबेपर्यंत गप्पच राहते."

"आपोआप चालू नाही होत?"

"नाही. मुद्दाम तशी केलीय." डॉक्टरीणबाईंनी सुस्कारा सोडला. "आणि एका बाळाच्या आजीने संध्याकाळी सिस्टरला घंटेला हात लावताना पाहिलंय."

"संपलंच की मग," भाऊजी पुटपुटले. वहिनींनी त्यांच्या पायावर हलकेच पाय ठेवला.

"रात्री दूध काढायला कोणीच फ्रिज उघडला नाही?"

"रात्रीपुरतं दूध संध्याकाळीच काढून वॉर्डातल्या बर्फाच्या पेटीत ठेवतो. मग दुधाच्या खोलीला कुलूप. उगाच कोणी दार उघडझाप करू नये म्हणून."

---

सिस्टर वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. सासूला पाहून ती उभी राहिली, पुन्हा बसली.

"आई, तुम्ही कशाला आलात? गुडघा दुखतोय ना तुमचा?"

"गुडघ्याचं मी बघते. तू यांना नीट सांग सगळं. मान वर करून सांग."

सिस्टरने मान वर केली. डोळ्यांखाली काळं झालं होतं.

"घंटेला हात लावला होता मी," ती म्हणाली. "कामाची पाळी सुरू झाली की आम्ही घंटा तपासतो. तपासायचं बटण वेगळं आहे. एक टोला देते आणि थांबते. त्या आजींनी तेच पाहिलं. बंद करायच्या बटणाला मी बोटही लावलं नाही."

"रात्री फ्रिजचं तापमान पाहिलंत?"

"टेबलावर काँप्युटरचा पडदा आहे ना. येता जाता बघत होते. चार पूर्णांक दोन." तिने वॉर्डाच्या दाराकडे बोट केलं. "दर वेळी चार पूर्णांक दोन. आता सगळे म्हणतात, हिने पाहिलंच नाही. मलाच शंका यायला लागलीय, की मी खरंच पाहिलं का."

"नक्की आकडा तोच होता?"

"तोच. बाळाला दूध पाजून आले, चार पूर्णांक दोन. लंगोट बदलून आले, चार पूर्णांक दोन."

वहिनी आत गेल्या. वॉर्डात ऊबदार अंधूक उजेड होता. काचेच्या पेट्यांमध्ये बाळं मुठी आवळून झोपली होती. एकाच्या टोपीवर कोणीतरी लोकरीचा कान शिवला होता, दुसरा शिवायचा राहिला होता. वहिनी तिथे नको तितका वेळ थांबल्या. मग टेबलावरच्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

चार पूर्णांक दोन. थोड्या वेळाने चार पूर्णांक एक. मग चार पूर्णांक तीन. पुन्हा दोन.

"काय बघताय वहिनी? फ्रिज थंड आहे आता."

"थंड आहे. आणि चुळबुळतोय."

"म्हणजे?"

"म्हणजे मी बघतेय, भाऊजी. तुम्हीही बघा."

भाऊजींनी बराच वेळ बघितलं. मग त्यांना जांभई आली.

---

दुधाच्या खोलीत रंगाचा वास भरला होता. तो शेजारच्या खोलीतून येत होता.

"बाटल्यांच्या खोलीला रंग देतायत," मावशी म्हणाल्या. वॉर्डाची साफसफाई आणि बाटल्या उकळणं ही त्यांची कामं. "म्हणून माझं बाटल्या उकळायचं यंत्र परवापासून इथे आणून ठेवलंय. जागा आहे का बघा इथे! कोपरावर कोपर."

भाऊजी वळायला गेले आणि एका वायरीत पाय अडकून भिंतीवर आपटले.

"अहो, जपून! तो बोर्ड निघेल."

खाली जमिनीवर एक एक्स्टेंशन बोर्ड होता. त्याला एकच लाल बटण. त्यात तीन वायरी खोचलेल्या. एक यंत्राची, एक जाड वायर फ्रिजच्या मागे गेलेली, आणि एक बारीक, काड्यापेटीएवढ्या पांढऱ्या डबीची. डबीवर हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"ही डबी कसली?" वहिनींनी विचारलं.

"काँप्युटरवाल्यांची. धूळ पुसते मी तिची, बाकी मला काय ठाऊक."

"परवा संध्याकाळी तुम्हीच होतात?"

"मीच. आणि काल सकाळीही मीच. संध्याकाळी सिस्टरांनी दूध काढून घेतलं. मी फ्रिजचं दार ओढून बघितलं, पक्कं होतं. बाटल्या उकळल्या, बटण बंद केलं, दिवा घालवला, कुलूप लावलं, घरी गेले. सकाळी आले, बाटल्या लावल्या, बटण दाबलं, तर बाहेर घंटा ठणाणा! माझ्या हातातलं झाकण पडलं. तेव्हापासून मला इथल्या कशालाच हात लावू देत नाहीत, बाटल्या दुसऱ्या वॉर्डात उकळते."

"बाहेर धावलात?"

"धावले तर. टेबलापाशी कोणीच नव्हतं. सिस्टर पार त्या टोकाला, वजनकाट्यापाशी. दोन्ही हातांवर बाळ. तिथूनच ओरडल्या, 'मावशी, घंटा का वाजतेय बघा!'"

"हे तुम्ही सांगितलंत वरती?"

"कोणी विचारलं मला?" मावशी म्हणाल्या. "मला विचारलं, दार नीट लावलं होतंस का. मी म्हटलं, लावलं होतं. झालं."

बाहेर पडताच भाऊजींनी वहिनींचा दंड धरला.

"वहिनी, मावशीच! बघा ना, किल्ली तिच्याकडे. दार तिनेच उघडं टाकलं असणार आणि आता ओढून बघितलं म्हणतेय."

"दार उघडं असतं तरी घंटा रात्रीच वाजायला हवी होती, भाऊजी."

"हां," भाऊजी थांबले. "तेही खरंच."

---

वरच्या मजल्यावर हॉस्पिटलचा काँप्युटर विभाग होता. म्हणजे दोन टेबलं, एक खिडकी आणि एक सुकलेली कुंडी. मोठ्या टेबलामागे सर होते, छोट्यामागे त्यांची नवी मदतनीस. तिला सगळे चिमणी म्हणत.

"प्रोग्रॅमवर संशय असेल तर वेळ वाया घालवताय," सर हसून म्हणाले. हसणं वाईट नव्हतं. आपलं काम चोख आहे हे माहीत असलेल्या माणसाचं होतं. "मी स्वतः लिहिलाय. सुरू केल्यापासून एकदाही पडलेला नाही. परवा रात्रीही अखंड चालू होता, एकही चूक नोंदलेली नाही. फ्रिजमधली तापमानाची काडी मी काल मुठीत धरून गरम केली, घंटा लगेच वाजली. आणखी काय हवं?"

"मला यातलं काही कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "काडीवरचा आकडा पडद्यापर्यंत येतो कसा?"

"दुधाच्या खोलीत एक पांढरी डबी आहे. भिंतीपलीकडे औषधांची खोली, तिथेही फ्रिज आहे. दोन्ही फ्रिजमधल्या काड्या बिनतारी. डबी दोघींचे आकडे गोळा करते. आणि डबीकडून आकडा आणायला मी एक क्लास लिहिलाय. क्लास म्हणजे साचा समजा. दुधाचा प्रोग्रॅम माझा, औषधांचा या चिमणीचा. आकडा आणायचा साचा मात्र दोघांचा एकच."

"आणि डबीने उत्तरच दिलं नाही तर?"

"तर साचा एक्सेप्शन फेकतो."

"काय फेकतो?" भाऊजी दचकले.

"आरोळी म्हणा. 'माझ्याच्याने झालं नाही!' अशी. त्या दोन जातीच्या असतात. एक चेक्ड. तिची सोय लावल्याशिवाय भाषा प्रोग्रॅम तयारच होऊ देत नाही. अडून बसते. एकतर जागच्या जागी झेला, नाहीतर 'मी ही वरच्याकडे सोडतो' असं लिहून द्या. तिसरी वाट नाही. मी माझ्या साच्याची आरोळी चेक्डच ठेवलीय. लोक विसराळू असतात, त्यांना सक्ती लागते."

"आणि दुसरी जात?"

"अनचेक्ड. तिच्याबाबत भाषा काही बोलत नाही. झेला, नका झेलू. कोणीच झेलली नाही तर ती वर वर चढत जाते आणि शेवटी प्रोग्रॅमच पाडते." सरांनी छोट्या टेबलाकडे हनुवटी केली. "त्याचा अनुभव हिला विचारा."

चिमणीचे कान लाल झाले.

"परवा माझा प्रोग्रॅम पडला," ती म्हणाली. "औषधांचा. सगळा पडदा लाल. मी घरी निघाले होते, जिन्यात होते, तेव्हा औषधवाल्यांचा फोन आला."

"कशाने पडला?"

"आकडा मिळाला नाही. सरांच्या साच्याची आरोळी आली. भाषा म्हणते, झेल. मी झेलली. पण पुढे करू काय? मला तापमान कुठून माहीत असणार? म्हणून मी ती अनचेक्ड आरोळीत गुंडाळते आणि पुन्हा फेकते. वर झेलणारं कोणी नाही. मग पडतो प्रोग्रॅम."

"औषधं खराब झाली?"

"नाही, त्यांचा फ्रिज चालू होता. त्यांनी आतला काचेचा तापमापक पाहिला, सगळं ठीक होतं. त्यांनी मला शिव्या घातल्या. काल सकाळी प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला तर निमूट चालला."

"मी सांगितलंय तिला, आज संध्याकाळपर्यंत माझ्यासारखा करून टाक," सर म्हणाले. "पडता कामा नये."

"अजून बदलला नाहीस ना?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग चार वाजेपर्यंत हातही लावू नकोस. बरं, जिन्यात तुझ्याबरोबर कोणी होतं?"

चिमणी गोंधळली. "मावशी होत्या. दुधाच्या खोलीची किल्ली खाली द्यायला चालल्या होत्या. फोनवरच्या शिव्या त्यांनाही ऐकू गेल्या. का हो?"

"उगाच," वहिनी म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा सैल झाला होता. मुलगी झोपली की होतो तसा.

जिना उतरताना भाऊजी अस्वस्थ होते.

"ही पोरगी, वहिनी. हिचा प्रोग्रॅम पडला आणि त्याच रात्री दूध नासलं. हिच्या पडण्याने सरांचा बिघडला असणार."

"भाऊजी, एकाच खोलीतून धूर आला, एकजण खोकला, एकजण खोकला नाही. तुम्ही खोकणाऱ्याला आग लावणारा म्हणताय."

"मग न खोकणारा कोण?"

"चार वाजता बघू. तोवर तुम्ही काहीतरी खाऊन घ्या. उपाशीपोटी तुम्ही सगळ्यांनाच पकडता."

---

चार वाजता वहिनींनी सगळ्यांना दुधाच्या खोलीपाशी बोलावलं. आत डॉक्टरीणबाई, सर आणि मावशी दाटीवाटीने उभे होते. सिस्टर दारात, तिच्या मागे सासू. चिमणीला त्यांनी भिंतीपलीकडे औषधांच्या खोलीत उभं केलं होतं. भाऊजी वॉर्डात टेबलावरच्या पडद्यासमोर होते. दारं उघडी होती, त्यामुळे हाक ऐकू येत होती.

"हळू बोलते, बाळं झोपलीत," वहिनी म्हणाल्या. "आधी सिस्टरचं. तुम्ही म्हणता, तिने घंटा बंद केली आणि सकाळी चालू केली. डॉक्टर, बंद केलेली घंटा पुन्हा बटण दाबल्याशिवाय वाजते?"

"नाही."

"फ्रिज तापलेलाच होता. म्हणजे सकाळी बटण दाबलं असतं, तर दाबल्या क्षणी घंटा वाजली असती. बरोबर?"

"बरोबर."

"मावशी, घंटा वाजली तेव्हा टेबलापाशी कोण होतं?"

"कोणीच नाही. सिस्टर वजनकाट्यापाशी. दोन्ही हातांवर बाळ."

सासूबाईंनी नाक ओढलं.

"बटण कोणीच दाबलं नाही, तरी घंटा वाजली. म्हणजे ती बंद केलेलीच नव्हती. रात्रभर वाजायला मोकळी होती," वहिनी म्हणाल्या. "फक्त तिला कोणी वाज म्हणून सांगितलं नाही."

"सांगणार प्रोग्रॅम," सर पुढे झाले. "आणि तो चालू होता."

"चालू होता, हे मान्य. पण सिस्टर म्हणते, रात्रभर चार पूर्णांक दोन. मी सकाळी त्या पडद्यासमोर उभी राहिले, तर आकडा चुळबुळत होता. एक, तीन, दोन. जिवंत फ्रिजचा आकडा एका जागी बसत नाही. सिस्टरने पाहिला तो आकडा नव्हता, आकड्याचा फोटो होता. ती म्हणाली तेच खरं होतं. तिने पाहिलं, पुन्हा पुन्हा पाहिलं. पण दाखवणाराच शिळं दाखवत होता."

सरांच्या कपाळावर एक आठी आली.

"आता फ्रिज का तापला, ते. मावशींचं यंत्र त्याच दिवशी या खोलीत आलं. जुन्या खोलीत बाटल्या झाल्या की काय करायचात, मावशी?"

"बटण बंद. जन्माची सवय. यंत्र तापलेलं राहिलं तर आग लागेल म्हणून मोठ्या सिस्टरांनीच शिकवलंय." मावशींची नजर खाली बोर्डवर गेली. लाल बटणावरून जाड वायरीवर, तिथून फ्रिजवर. "अगं बाई."

"तुम्ही शिकवल्याप्रमाणेच केलंत. यंत्र इथे आणणाऱ्याने एवढा एकच बोर्ड दिला, त्यात फ्रिजही खोचलेला आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही. त्या संध्याकाळी बटण बंद झालं, आणि यंत्राबरोबर फ्रिजही बंद झाला. सकाळी तुम्ही बटण दाबलंत, फ्रिज चालू झाला. म्हणून तो सगळ्यांना 'चालूच' सापडला."

"पण मग तापमान चढलं असणार! आणि काडीने ते—" सर बोलता बोलता थांबले. त्यांनी बोर्डातली तिसरी, बारीक वायर पाहिली.

"डबी," वहिनी म्हणाल्या. "तीही याच बोर्डावर. डबी झोपली, तेव्हा दोन्ही प्रोग्रॅमांना आकडा मिळेनासा झाला. दोघांचा साचा एकच. दोघांना आरोळी एकच. चिमणीचा त्याच वेळी पडला. मावशी कुलूप लावून जिन्यात होत्या, तोवर औषधवाल्यांचा फोनही आला होता. तिचा प्रोग्रॅम बिघडला म्हणून पडला नाही. त्याला खरं कळलं आणि ते त्याने ओरडून सांगितलं, म्हणून पडला."

"आणि माझा..."

"तुम्हीच मला सांगितलंत, सर. चेक्ड आरोळीला दोनच वाटा. झेला किंवा वर सोडा. तिसरी नाही. वर सोडली असतीत, तर प्रोग्रॅम पडला असता, निदान कुठे नोंद झाली असती. तसं काहीच झालं नाही. म्हणजे तुम्ही ती झेललीत. झेलून केलंत काय, एवढंच मला माहीत नाही. फ्रिज रिकामा आहे ना, डॉक्टर?"

"रिकामा आहे. आजचं दूध दुसरीकडे ठेवलंय."

वहिनी खाली वाकल्या आणि त्यांनी लाल बटण बंद केलं. डबीवरचा हिरवा ठिपका विझला.

भिंतीपलीकडून चिमणीचा आवाज आला. "लाल! माझा पडला!"

"भाऊजी, तुमच्याकडे?"

"चार पूर्णांक दोन," वॉर्डातून उत्तर आलं.

सगळे वाट बघत उभे राहिले. मावशींनी पदर तोंडाला लावला होता. बराच वेळ गेला.

"भाऊजी?"

"चार पूर्णांक दोन. वहिनी, हा हलतच नाहीये. मघाशी चुळबुळत होता ना?"

वहिनींनी बटण पुन्हा चालू केलं आणि सरांकडे वळल्या. "तुमचा प्रोग्रॅम उघडून बघायचा का?"

"उघडायची गरज नाही," सर म्हणाले. आवाज एकदम बारीक झाला होता. "मला ती ओळ आठवतेय. या दुधाच्या खोलीच्या उद्घाटनाच्या दिवशी सकाळी मी साचा बदलून आरोळी चेक्ड केली. तर भाषा अडून बसली, की आधी हिची सोय लाव. पाहुणे खाली येऊन थांबले होते. लिहायचं सॉफ्टवेअर अशा वेळी स्वतःच विचारतं, झेलायच्या ओळी घालून देऊ का? एक टिचकी मारली की कंस तयार. मी टिचकी मारली. कंसाच्या आत काहीच लिहिलं नाही. भाषेचं समाधान झालं, प्रोग्रॅम चालू झाला, हार घातले."

"आत काहीच नाही?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "म्हणजे आरोळी आली की..."

"झेलायची आणि गिळून टाकायची. पडद्यावर आधीचा आकडा तसाच राहतो. नंतर बघू म्हटलं होतं." त्यांनी दाराकडे पाहिलं. सिस्टर तिथेच उभी होती. "सक्ती लोकांसाठी ठेवली आणि पळवाट मीच काढली. आणि काल लिहूनही दिलं, की प्रोग्रॅममध्ये चूक नाही. सिस्टर, माझ्यामुळे तुम्हाला... मी चौकशी समितीसमोर स्वतः सांगतो. आत्ताच."

"समिती म्हणजे मीच की," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि किती तरी वेळाने खांदे खाली सोडले. "बापरे. काल मावशींनी सकाळी जरा उशिरा बटण दाबलं असतं, तर ते दूध पाजलं गेलं असतं."

"गेलं नाही," वहिनी म्हणाल्या. "तेवढं आपण आज धरून ठेवू."

"आणि मी त्या पोरीला तिचा प्रोग्रॅम माझ्यासारखा गप्प करायला सांगत होतो," सर स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी भिंतीवर टकटक केलं. "चिमणे! इकडे ये. तू माझा दुरुस्त करायचा. आकडा मिळाला नाही की घंटा वाजलीच पाहिजे."

"नुसता पाडू नका हं, सर," चिमणी दारात येऊन म्हणाली. ती हसू दाबत होती. "माझा पडतो तेही काही खरं नाही. बंद पडलेला पडदा मध्यरात्री कोण बघणार? वर एक झेलणारा ठेवू. तो घंटा वाजवेल, आणि आकड्याच्या जागी लिहील, 'माहीत नाही'."

"पडद्यावर असं लिहायचं? माहीत नाही?"

"माहीत नसेल तर काय लिहायचं मग?" दारातून सासूबाईंनी विचारलं.

सर चिमणीच्या मागोमाग जिना चढू लागले.

डॉक्टरीणबाई सिस्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. माफी मागायची सवय नसलेल्या माणसासारखा त्यांनी दोनदा घसा साफ केला.

"मला चुकीचं वाटलं होतं," त्या म्हणाल्या. "कालपासून तू गेलीस तर वॉर्डाची घडी विस्कटलीय. उद्या सकाळच्या पाळीला ये. आणि फ्रिजला भिंतीतला स्वतंत्र प्लग मी आज करून घेते."

सिस्टरने मान हलवली.

भाऊजी वॉर्डातून बाहेर आले. "झालं का? पकडलं का कोणाला?"

"कोणालाच नाही."

"मग मी एवढा वेळ आकडा बघत बसलो ते?"

"त्यानेच सगळं सुटलं," वहिनी म्हणाल्या, आणि भाऊजींची छाती दिवसभरात पहिल्यांदा फुगली. "चला, माझी उठली असेल. बाटली संपली असेल."

सासूबाईंनी पर्स काखेत मारली आणि सुनेचा हात धरला. "आपणही चला. आधी जेवायचंस. दोन दिवस पोटात काही नाही. आणि कपाट उघडं आहे घरी, मी मुद्दाम तसंच ठेवलंय. येऊन लाव."

"आई," सून म्हणाली. तिचे डोळे वॉर्डाकडे होते. आत एका काचेच्या पेटीतून बारीक, चिडका रडण्याचा आवाज येत होता. "पाळी उद्या आहे. पण एकदाच आत जाऊन येऊ? दहा मिनिटं."

"दहा म्हणजे तुझा तास."

"नक्की दहा."

हात धुऊन, एप्रन चढवून ती आत गेली. काचेतून दिसत होतं. तिने त्या इवल्या बाळाच्या पाठीखाली तळहात सरकवला, दुसऱ्या हाताने टोपी सारखी केली, आणि रडणं हळूहळू खाली उतरत थांबलं.

सासूबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग दुखरा गुडघा पुढे करून बाकावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि आरामात वाट बघू लागल्या.